मोडलेले मनगट : हाड कसे जुळते, कसे बदलते

दाभोशाचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना येथील निसरड्या वाटा वेगळ्या सांगावयास नकोत. लेंडी नदी कड्यावरून कोसळू लागली की पाहुण्यांच्या डोळ्यांचे पारणे फिटते. मात्र त्याच दिवसांत पाड्यापाड्यांवरील खडक शेवाळतात, बांध निसटतात आणि माणसे पडतात. आपल्या विद्यालयात इतकी वर्षे काढल्यानंतर आम्हांला एक गोष्ट पक्की कळली आहे : पडणारा माणूस हात पुढे टेकतो, आणि बहुतेक वेळा मोडते ते मनगट.

काही वर्षांपूर्वी एकाच पावसाळ्यात आपल्या परिसरात असे दोन हात मोडले. एक इयत्ता पाचवीतील दहा वर्षांच्या मुलीचा. ओहोळ ओलांडताना ती घसरली. दुसरा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या करणाऱ्या मावशींचा. भांडी घासण्याच्या मोरीजवळ त्यांचा पाय सटकला. मावशींचे वय तेव्हा छप्पन्न. दोघींनाही जीपने सुमारे २० किलोमीटरवरील जव्हारला नेले, दोघींचे एक्स-रे निघाले, दोघींच्या हाताला प्लॅस्टर बसले. प्लॅस्टर निघाल्यावर पाहतो तो मुलीचा हात मावशींच्या हातापेक्षा अधिक वाकडा दिसत होता. परंतु दोन वर्षांनी मुलीचा मोडलेला हात कोणता, हे ओळखता येईना. मावशींच्या मनगटावरचा उंचवटा मात्र आजही तसाच आहे.

असे का व्हावे? आम्ही इतिहासाचे विद्यार्थी; वैद्यकाचे नव्हे. तरीही हा प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देईना. डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली, आणि जे समजले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या पालकांसाठी व माजी विद्यार्थ्यांसाठी क्रमाने मांडीत आहोत.

हाड ही जिवंत वस्तू आहे

हाड म्हणजे शरीरातील दगड, अशी आपली समजूत असते. मेलेल्या जनावराचे वाळलेले हाड पाहून ती झालेली असते. जिवंत हाड तसे नसते. आपल्या भागातील कुडाची भिंत डोळ्यांपुढे आणावी. आत कारवीच्या काठ्यांची वीण आणि वर शेणमातीचा लेप. नुसती कारवी वाकते, नुसती माती तडकते. दोन्ही एकत्र आल्या की भिंत उभी राहते. हाडाचेही तसेच आहे. आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची वीण असते आणि तिच्यावर कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या क्षारांचा भरणा असतो. वजनाने पाहिल्यास हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हा खनिजांचा असतो.

या भिंतीची डागडुजी जन्मभर चालू असते. अस्थिभंजक पेशी जुने हाड खरवडून काढतात, अस्थिजनक पेशी तेथे नवे हाड भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो. हाडावर जेथे भार पडतो तेथे ते दाट होते, जेथे भार नसतो तेथे विरळ होते. जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम ग्रंथरूपाने मांडला. मोडलेल्या मनगटात पुढे जे काही घडते, ते समजून घेण्यास हा एक नियम फार उपयोगी पडतो.

मनगटच का मोडते

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात : अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. मनगटाकडे रेडियस रुंद होते आणि टेकलेल्या हाताचा बहुतेक भार तेच घेते. याच टोकाला त्याची बाहेरची कठीण भिंत पातळ असते आणि आतला भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो. पडताना सगळ्या अंगाचा भार या जागेवर येतो आणि सांध्याच्या थोडे वर हाड मोडते. तुटलेला तुकडा हाताच्या पाठीकडे सरकतो, म्हणून बाजूने पाहिल्यास मनगटाला बाक आलेला दिसतो.

डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली या मोडीचे वर्णन प्रसिद्ध केले. तोपर्यंत पुष्कळ वैद्य तिला मनगट निखळणे समजत असत. राँटगेन यांनी एक्स-रेचा शोध लावला तो १८९५ साली. म्हणजे ८१ वर्षे आधी, केवळ बोटांनी चाचपून कोलिस यांनी हाड कोठे मोडले आहे हे ओळखले होते. आजही मोठ्या माणसांतील ही मोड त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

लहान मुलांचे हाड जरा निराळे मोडते. त्यात तंतूंचा भाग तुलनेने अधिक आणि वरचे आवरण जाड असते. म्हणून ते ओल्या फांदीसारखे एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने वाकते, किंवा नुसते चेपले जाते. पाचवीतील मुलीचे हाड असे फांदीसारखे मोडले होते.

पहिले काही आठवडे

हाड मोडताच आतील रक्तवाहिन्या तुटतात आणि मोडीभोवती रक्ताची गाठ होते. सूज येते, हात तापतो, ठणकतो. ही सूज म्हणजे केवळ त्रास नव्हे. दुरुस्तीची पहिली हाक ती असते. रक्तातील पेशी तेथे जमतात, मेलेले कण साफ करतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात.

पहिल्या आठवड्यानंतर त्या जागी मऊ जोड तयार होऊ लागतो. तो तंतू आणि कूर्चा यांचा असतो. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीला आकार देणारा लवचीक पदार्थ. दोन तुकडे आता एकमेकांना धरून राहतात, पण हलवले तर हलतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यात क्षार भरू लागतात आणि मऊ जोडाचा कठीण जोड होऊ लागतो. मनगटाजवळच्या जाळीदार भागात काही नवे हाड कूर्चेचा टप्पा न घेता थेटही तयार होते. त्यामुळे ही जागा तुलनेने लवकर जुळते. लहान मुलांना साधारण चार ते सहा आठवडे, मोठ्यांना सुमारे सहा आठवडे प्लॅस्टर ठेवतात, ते या हिशेबाने.

वयाचा हा फरक आपल्या देशात फार पूर्वीच ध्यानात आला होता. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचे प्रकार दिले आहेत, झाडांच्या साली व बांबूच्या पट्ट्या बांधण्याची रीत दिली आहे, आणि बाळपणी एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिने जोड स्थिर होण्यास लागतात असेही नोंदवले आहे. निरीक्षणातून आलेले ज्ञान किती काळ टिकते, याचे हे उदाहरण होय.

जुळणे म्हणजे पक्के होणे नव्हे

येथे आम्हांला मुलीच्या वडिलांची आठवण सांगितली पाहिजे. तिच्या हाताचे प्लॅस्टर निघाले तेव्हा भातकापणी उरकत आली होती. दिवाळीनंतर आपल्या जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, हे येथे कोणास ठाऊक नाही? वडील विद्यालयात आले. हाताचा बाक पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“हात वाकडाच राहिला ना गुरुजी. आता ही लिहिणार कशी? त्यापेक्षा आमच्याबरोबर येऊ दे. धाकट्याला सांभाळील, चार विटा उचलील.”

त्यांच्या बोलण्यात निर्दयपणा नव्हता. भट्टीवर जाणाऱ्या घरात प्रत्येक हाताची मोजदाद होते. परंतु त्या क्षणी मुलीचे हाड कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही पुरते ठाऊक नव्हते.

सहा आठवड्यांनी जे हाड तयार होते ते घाईने भरलेले असते. त्यातील तंतू वाटेल तसे विणलेले असतात. पावसात कुडाचा भाग पडला तर आपण तेवढ्यापुरता मातीचा गोळा थापतो. तो झोत अडवतो, पण त्यावर छपराचा भार टाकत नाही, तसेच हे आहे. हातात पेन धरण्यास, ताट उचलण्यास तो जोड पुरेसा असतो. विटांची पाटी उचलण्यास तो पुरेसा नसतो. मुलांच्या हातांचे हाड पहिल्या काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा मोडण्याचा धोका असतो, तो यामुळेच. हा कच्चा जोड खरवडून त्या जागी शिस्तीत विणलेले पक्के हाड भरण्याचे काम पुढे कित्येक महिने, मोठ्या माणसांत वर्ष-दोन वर्षेही, चालू असते.

डॉक्टरांनी हे वडिलांना एक्स-रे समोर धरून समजावले. “बाक आपोआप जाईल, पण ओझे उचलू देऊ नका,” एवढे ते निक्षून म्हणाले. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तर राहू दे तिला इथेच.” ती मुलगी त्या वर्षी भट्टीवर गेली नाही. तिचे पाचवीचे वर्ष वाचले ते एका एक्स-रेमुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

प्लॅस्टरच्या आत काय घडते

प्लॅस्टरने हाड स्थिर राहते, पण त्याची किंमतही असते. वोल्फ यांच्या नियमाप्रमाणे ज्या हाताला काम नाही, त्याचे हाड विरळ होऊ लागते. शिवाय इजा झालेल्या भागात खरवडण्याचे आणि भरण्याचे काम दोन्ही वेगाने सुरू होते, आणि आरंभी खरवडणे पुढे असते. म्हणून मोडीच्या आजूबाजूचे, न मोडलेले हाडही काही काळ अशक्त होते. तरुण माणसात ही झीज बहुतांशी भरून येते. वयस्करांत ती भरण्यास फार वेळ लागतो, आणि कधी पूर्णपणे भरत नाही. स्नायू तर काही आठवड्यांतच सुकतात.

यावर उपाय साधा आहे. प्लॅस्टर मनगटाला असते. बोटे, कोपर व खांदा मोकळे असतात. पहिल्या दिवसापासून बोटांची मूठ वळावी आणि उघडावी, कोपर व खांदा हलवावा, हात हृदयापेक्षा उंच ठेवावा. मावशींनी भीतीपोटी बोटे हलवलीच नाहीत. प्लॅस्टर निघाले तेव्हा मूठ वळेना, भाकरी थापणे दूरच. “सर, माझे काम जाणार,” असे म्हणून त्या रडल्या. कोमट पाण्यात हात बुडवून, कापडाचा बोळा दाबून, दररोज वेदना सोसत त्यांनी तीन-चार महिन्यांत मूठ परत मिळवली. तोपर्यंत भाकऱ्यांचे काम इतरांनी वाटून घेतले. हे त्रास टाळता येण्याजोगे होते, म्हणून येथे लिहीत आहोत.

मुलीचा हात सरळ झाला, मावशींचा का नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाढत्या वयाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते. हाडाची लांबी तेथे वाढते. रेडियसची तीन चतुर्थांशाहून अधिक वाढ कोपराकडे नव्हे, तर मनगटाकडील पट्टीत होते. मोड या पट्टीच्या जवळ असेल तर वाढ स्वतःच तिरपेपणा सुधारते : पट्टीची एक बाजू जरा अधिक वाढते, आणि टोक हळूहळू सरळ दिशेला वळते. त्याच वेळी बाकाच्या आतल्या बाजूला, जेथे दाब पडतो तेथे, नवे हाड भरले जाते आणि बाहेरच्या बाजूचा उंचवटा खरवडला जातो. या रीतीने महिन्याला साधारण एक अंश बाक कमी होतो.

याला मर्यादा आहेत. मुलाची निदान दोन वर्षांची वाढ शिल्लक असावी लागते. मनगट ज्या दिशेने वाकते त्या दिशेचा बाक चांगला सुधारतो. तुकडा स्वतःभोवती पिळला गेला असेल तर तो पीळ वाढीने जात नाही. मोड थेट पट्टीतूनच गेली असेल तर वाढ खुंटण्याचीही भीती असते. म्हणून “लहान मुलाचे हाड आपोआप जुळते” असे म्हणून घरीच बसणे चुकीचे आहे. कोणता बाक जाईल आणि कोणता राहील, हे एक्स-रे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

मावशींची ही पट्टी विशीच्या आधीच बंद झाली होती. त्यांच्या हाडात डागडुजी होऊ शकते, वाढ होऊ शकत नाही. म्हणून आकार राहिला. परंतु आकार राहिला म्हणजे हात गेला असे नव्हे. मावशी आज पूर्वीइतक्याच भाकऱ्या करतात.

मावशींच्या मोडीत एक सूचना मात्र दडलेली होती. उभ्या माणसाने सपाट जमिनीवर पडावे आणि हाड मोडावे, हे पन्नाशीनंतर सहज घेण्यासारखे नाही. पाळी थांबल्यावर स्त्रियांच्या शरीरातील ज्या संप्रेरकामुळे हाड राखले जाते ते कमी होते आणि हाडे वेगाने विरळ होतात. मनगट हा अनेकदा त्याचा पहिला इशारा असतो. असे मनगट मोडलेल्या स्त्रीला पुढे मणका किंवा खुबा मोडण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. म्हणून केवळ प्लॅस्टर काढून थांबू नये. हाडांच्या घनतेची तपासणी व औषधे यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

घट्ट बांधलेला हात

आपल्या भागात हाड बसवणारे जाणते वैद्य आहेत आणि त्यांच्या बोटांत कसब आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कोलिस यांचीही साधने बोटेच होती. परंतु फार वर्षांपूर्वी एका पाड्यावर आम्ही एका मुलाचा हात पाहिला. मोडल्यावर तो बांबूच्या पट्ट्यांनी करकचून बांधला होता. आत सूज वाढत गेली आणि बाहेर बंध घट्ट राहिला. रक्त पोहोचेना. हाड जुळले, पण बोटे पंज्यासारखी आखडली ती कायमची. त्या मुलाने पुढे डाव्या हाताने लिहावयास शिकून दहावी केली.

म्हणून पट्टी असो, बांबू असो की प्लॅस्टर, पुढील खुणा दिसताच बंध सैल करवून घ्यावा आणि तडक रुग्णालय गाठावे : बोटे पांढरी, निळी किंवा गार पडणे, बधिरपणा अथवा मुंग्या येणे, वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाणे, आणि दुसऱ्याने बोटे सरळ केली असता असह्य कळ येणे. येथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. पावसात रस्ता बंद होईल, ही शंका असेल तर रात्र होण्याची वाट पाहू नये.

ताटातले हाड

माणसाच्या आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्यापैकी सुमारे ९० टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत जमा होतो. म्हणजे आपल्या वसतिगृहातील वर्षे ही हाड कमावण्याची वर्षे आहेत. पन्नाशीतील मनगट मोडणार की टिकणार, याचा काही निकाल आजच्या ताटात लागत असतो.

त्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. आपल्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतके कमी. शेवग्याचा पाला, तीळ आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी सुकी मासळी यांतही ते भरपूर आहे. कारवीची वीण म्हणजे प्रथिने. ती डाळी, अंडी, मासे यांतून येतात. कॅल्शियम आतड्यातून शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हाने कातडीत तयार होते. बिडी-तंबाखू मात्र जोड लांबवते, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. मुलांना नाचणीची भाकरी ‘काळी’ म्हणून नकोशी वाटते. हा आमच्या आजवरच्या शिकवण्यातील एक दोषच समजावा.

हाडातील नोंद

शेवटी इतिहासाविषयी थोडे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांनी आपली लहान मुले मडक्यांत घालून घरातल्या जमिनीखालीच पुरली होती. त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही; पण त्यांची हाडे आणि दात पाहून त्यांचा आहार, त्यांची उपासमार, त्यांचे आजार अभ्यासक वाचतात. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचा इतिहास हाडांनी सांभाळला.

मुलीच्या पुढच्या एक्स-रेमध्ये डॉक्टरांनी आम्हांला वाढीच्या पट्टीला समांतर अशी एक बारीक पांढरी रेघ दाखवली होती. आजारपण, इजा किंवा उपासमार यांमुळे वाढ काही काळ थांबते आणि पुन्हा सुरू होते, तेव्हा हाडात अशी रेघ उमटते. रेघ पट्टीला समांतर आहे, म्हणजे वाढ निकोप चालली आहे, असे ते म्हणाले. आम्ही त्या रेघेकडे पाहत राहिलो. याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने मुले दगावली आणि आपल्या भागाचे नाव सगळ्या राज्याला अशा कारणाने कळले. जी मुले तेव्हा जगली, त्यांच्या वाढत्या हाडांतही कधी काळी अशा रेघा उमटल्या असतील. आज त्यांचीच मुले आपल्या वर्गांत बसतात.

त्या मुलीच्या हाडात रेघेनंतर वाढ सुरू झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मध्ये हाड मोडले, बाक आला, शाळा सुटण्याची वेळ आली, आणि तरीही हाताला वेळ, अन्न आणि विश्रांती मिळाली म्हणून तो सरळ झाला. तिने दहावीची परीक्षा त्याच हाताने लिहिली. मावशींनी त्या दिवशी सकाळी तिच्या डब्यात नाचणीची भाकरी दिली होती. तीही त्याच हाताची.